पुरावा समोर असूनही पटत का नाही?

प्रश्न : माझे थोरले बंधू हिशेबतपासनीस आहेत. कामात ते एका आकड्याची तफावतही खपवून घेत नाहीत. मात्र त्यांच्या पक्षाच्या नेत्याविरुद्धचा पुरावा समोर ठेवला की ‘हे सगळे रचलेले आहे’ असे म्हणून विषय तोडून टाकतात. एवढा सुज्ञ माणूस डोळ्यांवर कातडे कसे ओढून घेतो? त्यांना आणखी कोणता पुरावा दाखवावा?

उत्तर : सुज्ञ माणूस वास्तव नाकारणार नाही, असे आपण गृहीत धरले आहे. अनुभव उलटा आहे. अमेरिकेतील डॅन कहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली एकाच प्रकारचे आकडे काही लोकांना त्वचेच्या मलमाच्या चाचणीचे म्हणून, तर काहींना बंदुकांवरील बंदीच्या परिणामांचे म्हणून दिले. मलमाच्या बाबतीत गणितात तरबेज असलेल्यांनी योग्य निष्कर्ष काढले. पण बंदुकांचा विषय येताच त्याच तरबेज लोकांमध्ये राजकीय बाजूंनुसार सर्वाधिक दरी दिसली. न पटणाऱ्या पुराव्यातील खोट शोधायलाही बुद्धी लागते, आणि ती आपल्या बंधूंकडे भरपूर आहे.

बुद्धीइतकाच यात भीतीचाही वाटा असतो. पुरावा मान्य केला तर नुसते मत बदलून भागत नाही; इतकी वर्षे ज्यांच्याबरोबर उठलो-बसलो, त्यांच्यात आपले स्थान काय राहील आणि ज्यांना मूर्ख ठरवले त्यांच्यासमोर कोणत्या तोंडाने जायचे, हे प्रश्न त्या मान्यतेपाठोपाठ येतात. ही भीती बहुधा उघडपणे जाणवत नाही. जाणवतो तो समोरच्यावरचा संताप. लिऑन फेस्टिंजर यांनी १९५७ साली मांडलेल्या बोधात्मक विसंगतीच्या सिद्धांतानुसार, परस्परविरोधी दोन गोष्टी मनात एकत्र नांदू लागल्या की होणारी अस्वस्थता माणूस जमेल त्या मार्गाने कमी करतो, आणि निष्ठा सोडण्यापेक्षा पुरावा खोटा ठरवणे केव्हाही स्वस्त पडते. म्हणूनच नवा पुरावा दाखवण्याच्या आपल्या बेताबद्दल मी साशंक आहे.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. जेफ्री कोहेन यांच्या २००३ सालच्या प्रयोगांत, आपल्या पक्षाचा पाठिंबा आहे असे कळताच लोकांनी एरवी त्यांच्या विचारसरणीला न मानवणाऱ्या कल्याणकारी धोरणालाही संमती दिली. आपण स्वतः धोरणाचा मजकूर पाहून ठरवले, विरोधक मात्र पक्षाच्या ओढीने ठरवतात, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. आपल्या पत्रात बंधूंच्या नेत्याविषयी बरेच आहे, आपल्या पसंतीच्या नेत्याविषयी एक अक्षरही नाही.

बंधूंशी बोलायचे असेल तर चारचौघांत बोलू नये, कारण तेथे माघार म्हणजे मानहानी. डेव्हिड ब्रुकमन आणि जोशुआ काल्ला यांनी मायामीत केलेल्या व २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पारलिंगी व्यक्तींविषयीचा पूर्वग्रह सुमारे दहा मिनिटांच्या संवादाने कमी झाला आणि तो परिणाम निदान तीन महिने टिकला. त्या संवादात लोकांना उपदेश केला नव्हता. आपल्याला कधी वेगळे ठरवून वागवले गेले का, हे आठवून सांगायला लावले होते. पूर्वग्रह आणि पक्षनिष्ठा एक नव्हेत, तरीही हा पक्ष सुटला तर त्यांना काय गमवायची भीती वाटते, हे बंधूंना एकदा विचारावे आणि उत्तर मध्येच न तोडता ऐकावे.

प्रश्न : परंपरावादी माणसे मुळातच अधिक भित्री असतात, हे विज्ञानाने सिद्ध झाले आहे ना?

उत्तर : नाही. २००८ साली अमेरिकेत ४६ जणांवर झालेल्या एका अभ्यासात, दचकवणारी चित्रे वा आवाज यांना शरीराने दिलेला प्रतिसाद आणि राजकीय मते यांचा संबंध दिसला होता, आणि त्याची भरपूर प्रसिद्धी झाली. पुढे अमेरिका आणि नेदरलँड्समध्ये अधिक लोकांवर त्याची पडताळणी झाली, तेव्हा तो संबंध आढळला नाही. ते निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. त्यांची प्रसिद्धी मात्र फारशी झाली नाही.