सोडवलेली फायब्रॉइडची गाठ पोटाबाहेर कशी काढतात?

प्रश्न : माझ्या बहिणीच्या (वय ३८) गर्भाशयात नऊ सेंटिमीटरची फायब्रॉइडची (स्नायूची, कॅन्सर नसलेली) गाठ आहे. दुर्बिणीतून ऑपरेशन ठरले आहे. पोटावरची भोके जेमतेम एक सेंटिमीटरची, मग एवढी गाठ बाहेर येते कशी? मशीनने तुकडे केले तर कॅन्सर पसरतो, असेही ऐकले. खरे काय?

उत्तर : गाठ सोडवून गर्भाशयाला टाके घातले की ती एका मजबूत पिशवीत टाकतात आणि पिशवीचे तोंड छेदातून पोटाबाहेर ओढून घेतात. पुढचे दोन मार्ग. एक, छेद तीन-चार सेंटिमीटरपर्यंत वाढवून त्यात कडा ताणून धरणारे रिंगचे रिट्रॅक्टर बसवायचे, गाठ दातेरी चिमट्याने वर ओढायची आणि सुरीने इंग्रजी ‘सी’च्या आकारात कापत लांब पट्टी काढत राहायचे. पट्टी तुटू न देणे हेच कसब. तुटली की प्रत्येक तुकडा शोधावा लागतो. दुसरा मार्ग मशीनचा, म्हणजे पॉवर मॉर्सेलेटरचा. नळीच्या टोकाला फिरते गोल पाते असते. पाते जागेवर ठेवून गाठ त्याच्याकडे ओढायची असते. पातेच आत ढकलले, तर आतडे किंवा रक्तवाहिनी कापली जाऊ शकते.

तुम्ही ऐकले ते निराधार नाही. पिशवीशिवाय मशीन चालवले की बारीक कण पोटभर उडतात. साध्या गाठीचा कणही आतड्यावर किंवा पोटाच्या अस्तरावर रुजून काही वर्षांनी नवी गाठ होऊ शकते. गाठीत सार्कोमा हा कॅन्सर लपलेला असेल, तर तो पसरतो आणि आजार पुढच्या टप्प्यात जातो. फायब्रॉइड म्हणून ऑपरेशन केलेल्या दर ३५० स्त्रियांपैकी सुमारे एकीत सार्कोमा निघतो, असा अंदाज अमेरिकेच्या एफडीएने (औषधे व उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१४ मध्ये दिला. २०२० पासून त्यांचा सल्ला असा की मॉर्सेलेटर योग्य रुग्ण निवडूनच आणि पिशवीतच वापरावा.

पिशवीने धोका कमी होतो, संपत नाही. पाते किंवा चिमट्याचा दात लागून ती फाटते. शिवाय गाठ सोडवतानाच थोड्या पेशी सांडलेल्या असतात, त्यावर पिशवीचा इलाज नाही. म्हणून शेवटी डोक्याकडे उतरते ठेवलेले टेबल सरळ करून सलाइनने पोट धुतात. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘पिशवी वापरणार ना? फाटली तर काय करणार?’ माझे मत विचाराल तर, छेद दोन सेंटिमीटरने वाढला म्हणून बिघडत नाही.

प्रश्न : पाळी जाऊन चार वर्षे झाली, तरी गाठ वाढते आहे. माझेही तुकडे करून काढतील का?

उत्तर : नाही, तुमच्यासाठी मॉर्सेलेटर वर्ज्य. पाळी गेल्यावर गाठ आकसायला हवी. वाढत असेल तर संशय घ्यायचा. एमआरआय आणि रक्तातील एलडीएच या एन्झाइमची तपासणी यांची मदत होते. गर्भपिशवीच्या अस्तराची बायोप्सी नॉर्मल आली म्हणून निश्चिंत राहू नका. सार्कोमा स्नायूत असतो, त्यामुळे त्या तपासणीत तो निसटू शकतो. गर्भाशय अखंड, योनीमार्गे किंवा पोटावरच्या छेदातून काढणे हेच योग्य.

प्रश्न : छोट्या गाठी बऱ्याच असतील तर एखादी पोटात राहून जाते का?

उत्तर : राहते. म्हणून सोडवलेल्या गाठी मोजतात, किंवा दोऱ्यात ओवून ठेवतात.