हिवाळ्यात मोटरहोमला कोणते आच्छादन घालावे?

प्रश्न : अमेरिकेत मिशिगनमध्ये आमचे मोटरहोम (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली मोठी गाडी) नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत घराशेजारी उघड्यावर उभे असते. त्यावर प्लॅस्टिकची साधी ताडपत्री बांधली तर चालेल का?

उत्तर : ताडपत्री कृपया टाळावी. तिच्याखाली कोंडलेली दमट हवा बाहेर पडत नाही, त्यामुळे बुरशी धरते, आणि वाऱ्याने फडफडणाऱ्या तिच्या कडा रंगावर सतत घासत राहतात. त्याऐवजी पाणी अडवणारे, पण आतली वाफ बाहेर सोडणारे, अनेक थरांचे पॉलिप्रॉपिलीनचे (प्लॅस्टिकच्या धाग्यांपासून केलेल्या कापडाचे) कव्हर घ्यावे. ॲरिझोनासारख्या कडक उन्हाच्या प्रदेशात मात्र अतिनील किरणांपुढे टिकणारे कापड अधिक महत्त्वाचे ठरते. माप घेताना कागदपत्रांतील लांबीवर विसंबू नये. मागची शिडी, जादा चाक आणि बंपर धरून टोकापासून टोकापर्यंत स्वतः मोजावे, कारण सैल कव्हर वाऱ्याने फुगते आणि घट्ट कव्हर शिवणीत उसवते. पन्हाळीची टोके व अँटेना यांवर आधी फोम गुंडाळावा. कव्हर बहुधा तेथेच फाटते. दाराजवळ चेन असलेल्या कव्हरसाठी थोडे अधिक पैसे जरूर मोजावेत, कारण हिवाळ्यात अधूनमधून आत जाऊन गळती तपासणे मला अत्यावश्यक वाटते. गाडी धुऊन, छतासह पूर्ण कोरडी झाल्यावरच कव्हर चढवावे.