सहा तुकडे अजून तुझ्याकडे आहेत

चिरंजीव पोरी,
अनेक उत्तम आशीर्वाद.

लॅपटॉप रिकामा असताना संशोधकांच्या मोठ्या गणिताचे तुकडे इंटरनेटवरून घेऊन सोडवणाऱ्या प्रोग्रॅमवरचं तुझं टिपण तीनदा वाचलं. ‘मी झोपलेली असताना लॅपटॉपने केलेल्या कामाला माझं योगदान कसं म्हणू?’ या प्रश्नावर तू अडकली आहेस. मी अडकलो शेवटच्या ओळीवर. ‘परीक्षा आली म्हणून प्रोग्रॅम काढून टाकतेय. सहा कामं अर्धवट आहेत, पण तेवढ्याने काय होतं?’ थांब. आधी हे पत्र वाच, मग काय काढायचं ते काढ.

घेतलेला तुकडा परत द्यायचा. मला एवढंच सांगायचं आहे, आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

तुझ्याकडे चालतो तो ‘मॅपिंग कॅन्सर मार्कर्स’ प्रकल्प 2013 पासून सुरू आहे. आधी फुप्फुसाचा कर्करोग, मग अंडाशयाचा, मग सार्कोमा, म्हणजे हाडं-स्नायूंसारख्या ऊतींचा कर्करोग. कोणत्या जनुकांच्या गटावरून रोगाची खूण पटेल, हे शोधायचं. 20,000 जनुकांतून नुसती तीन-तीन निवडायची म्हटली तरी 1 लाख 33 हजार कोटी गट होतात, आणि तीनवर भागत नाही. म्हणून तर हा डोंगर फोडून घरोघर वाटला आहे. आपल्या तुकड्यातून काही निघालं की नाही तेही कळत नाही, अशी तुझी खंत. अगं, ‘इथे काही नाही’ हेसुद्धा कुणीतरी बघून सांगावं लागतं! लहान मुलांच्या न्यूरोब्लास्टोमा या चेतापेशींच्या कर्करोगावर औषध शोधायला जपानमधल्या संशोधकांनी 2009 मध्ये याच वर्ल्ड कम्युनिटी ग्रिडवर, म्हणजे घरोघर काम वाटणाऱ्या याच व्यवस्थेवर, असंच काम काढलं होतं. सुमारे 30 लाख संयुगं तपासली आणि 2014 मध्ये सात आशादायक निघाली, म्हणजे औषधं नव्हेत, पुढे तपासण्याजोगी संयुगं. बाकीच्या लाखो संयुगांचं ‘नाही’ कुणाकुणाच्या घरून परत आलं, म्हणून ती सात वेगळी काढता आली. परत आलं, हे लक्षात घे.

आता माझं ऐक. 2010 च्या सुमारास तालुक्याच्या एका कॉलेजात मी संगणक प्रयोगशाळा सांभाळत होतो. अठरा मशीन, सगळ्यांवर असाच प्रोग्रॅम. दिवसाचे कित्येक तास लोडशेडिंग. वीज आली की काम मागच्या चेकपॉइंटपासून, म्हणजे शेवटी जतन झालं होतं तिथून, पुढे सुरू व्हायचं, ते बघायला मला फार आवडे. नेटचा भरवसा नव्हता, म्हणून प्रत्येक मशीनवर दहा दिवसांच्या कामांची रांग भरून ठेवायचो. पूर्ण केलेल्या कामांवर टीमला मिळणाऱ्या गुणांच्या यादीत वर सरकायची हावही होती, ते लपवत नाही. मे महिन्यात सुट्टी लागली, प्रयोगशाळेचा मेन स्विच बंद झाला, कुलूप लागलं. जूनमध्ये येऊन बघतो तर सगळी मशीन फॉरमॅट केलेली. मला कुणी विचारलंही नव्हतं.

त्या संध्याकाळी निकालांचं पान उघडलं. माझ्या मशीनच्या नावापुढे ‘नो रिप्लाय’. खाली पुन्हा ‘नो रिप्लाय’. पान संपेपर्यंत तेच. एका कामावर बोट ठेवून बघितलं. तोच तुकडा आणखी एकाकडे गेला होता, त्याने दुसऱ्याच दिवशी पूर्ण करून पाठवला होता, आणि दोन उत्तरं जुळल्याशिवाय ते धरत नाहीत म्हणून त्याचं उत्तर माझी वाट बघत ‘पेंडिंग’ पडून राहिलं होतं. मुदत टळल्यावर सर्व्हरने ते तिसऱ्याला दिलं आणि त्याने शून्यापासून सुरुवात केली. तो कोण, कुठला, मला कधीच कळलं नाही. पंधरा वर्षं झाली, ती ओळ डोळ्यांपुढून जात नाही.

तू म्हणशील, सर, एवढी रांग भरलीतच कशाला? दोन-दोन दिवस नेट नसायचं गं! रांग भरणं चूक नव्हतं, आजही नाही म्हणणार. परवानगीही होती, तोंडी का असेना. चूक ही, की सुट्टीच्या आधी पंधरा दिवस नवी कामं घेणं मी थांबवायला हवं होतं. ते बटण तेव्हाही होतं.

तुझ्याकडेही आहे. प्रकल्पाच्या नावावर जा आणि ‘नो न्यू टास्क्स’ दाब. नवं काही येणार नाही, हातातलं चालू राहील. लॅपटॉप तापतो म्हणतेस, तर प्रोसेसर निम्म्यावर आण, खाली पुस्तक नको, कडक पाट ठेव. बाबा विजेचं बोलतात ना? त्यांना हिशेब दाखव. 45 वॅटने आठ तास म्हणजे युनिटच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त. आणि अगदीच जमत नसेल, तर गुपचूप काढून टाकू नकोस. ‘अबॉर्ट’ करून ‘अपडेट’ दाब, म्हणजे सर्व्हरला लगेच कळेल आणि तो तुकडा मुदतीची वाट न बघता दुसऱ्याकडे जाईल. न होणारं काम वेळेवर परत करणं हेही परत देणंच आहे. गप्प बसून अडवून ठेवू नकोस, एवढंच मागतोय.

योगदान शब्द ठेवायचा की खोडायचा, ते टिपण पुन्हा लिहिताना बघू. तू पाठवलेल्या फोटोत मुदत गुरुवारची दिसते. परीक्षा सोमवारी आहे. आज रात्री चार्जर लावून झोप, आणि सकाळी किती राहिले ते मला कळव.

तुझा,
सर