आधी तारखा, मग काढा

चि. मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. दवाखाना उघडून चार महिने होत नाहीत तोच एका घरातली सासू-सून एकाच दुपारी तुझ्याकडे आली, आणि तू दोघींच्या हाती शतावरी कल्पाचा एकेक डबा देऊन मोकळी झालीस, हे वाचून मला आधी हसू आले आणि मग रागही आला. सून ३४ वर्षांची. तिला दर महिन्याला छाती जड होऊन दुखते, चिडचिड होते, कारण नसताना रडू येते. सासू ५२ वर्षांची. रात्री तिच्या अंगातून वाफा निघतात, उशी घामाने भिजते, आणि तुझ्याच शब्दांत ‘मधूनच थोडे अंगावरून जाते’. चार पानांत तू दोघींची नाडी, जीभ, अग्नी, झोप, सगळे लिहिलेस. तारीख मात्र एकही लिहिली नाहीस.

सुनेचा त्रास पाळीच्या किती दिवस आधी सुरू होतो आणि पाळी आल्यावर कितव्या दिवशी थांबतो? सासूची शेवटची पाळी कोणत्या महिन्यात आली होती? हे न विचारता दिलेले औषध चुकीचे असेलच असे नाही. पण ते बरोबर होते की चूक, हे तुला पुढे कधीही कळणार नाही. माझ्याकडे सहा महिने उमेदवारी करताना तू ऐकून ऐकून कंटाळली होतीस, तेच पुन्हा लिहिते: आधी तारखा, मग काढा.

हा माझा म्हातारपणचा हट्ट आहे असे तुला वाटते, हे मला ठाऊक आहे. पण पाळीपूर्वीचा त्रास रक्ताच्या तपासणीत सापडतच नाही, कारण अशा स्त्रियांच्या रक्तात संप्रेरकांचे (हार्मोन्सचे) प्रमाण सहसा इतरांइतकेच असते. त्याच्या चढउताराला मेंदू जो प्रतिसाद देतो, तो वेगळा असतो. बीज सुटल्यानंतरच्या पंधरवड्यात त्रास सुरू व्हावा, पाळी आल्यावर थोड्याच दिवसांत ओसरावा आणि मधले काही दिवस स्वच्छ जावेत, हा क्रम सलग दोन महिन्यांच्या नोंदींत दिसला तरच त्या दुखण्याला ‘प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम’ हे नाव देता येते. ते नाव १९५३ साली कॅथरिना डाल्टन आणि रेमंड ग्रीन या डॉक्टरांनी लंडनमध्ये रूढ केले. डाल्टनबाई प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा उपचार आयुष्यभर हिरिरीने मांडत राहिल्या. तो पुढे चाचण्यांत सिद्ध झाला नाही, पण रुग्ण स्त्रियांकडून त्या भरून घेत असलेला तारखांचा तक्ता आजही चालतो. पाळी जाण्याचेही तसेच आहे. सलग १२ महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली, असे मागे वळूनच म्हणता येते. सुश्रुताने आर्तवाचा, म्हणजे पाळीचा, काळ बारापासून पन्नासपर्यंत सांगितला, तेव्हा त्यानेही वर्षेच मोजली होती.

माझ्या टेबलाच्या खणात एक जुने कालनिर्णय आहे, ते तुला मी कधी दाखवले नव्हते. एका बाईला तिच्या नवऱ्याने ‘हिला पाळीचा राग येतो’ म्हणून आणले होते. मी तिला म्हटले, दोन महिने कालनिर्णयावर खूण कर: पाळीला टिंब, वाईट दिवसाला फुली. तिने पाने आणली तेव्हा दुधाच्या हिशेबाच्या आकड्यांमध्ये पेन्सिलीच्या बारीक फुल्या होत्या आणि त्या सगळ्या शनिवारी होत्या. शनिवार हा नवऱ्याचा पगाराचा आणि पिण्याचा दिवस. टिंबांशी फुल्यांचा काहीही संबंध नव्हता. सांग, त्यावर कोणता कल्प दिला असतास?

आता तुझ्या निर्गुडीकडे येते. युरोपातल्या चाचणीत ‘व्हायटेक्स’ने पाळीपूर्वीचा त्रास कमी झाला, म्हणून आपल्या बांधावरच्या निर्गुडीचा काढा द्यावा का, असे तू विचारतेस. ती चाचणी २००१ सालची. १७० स्त्रिया, तीन पाळ्या, आणि औषध घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक जणींना उतार पडला, तर औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीने सुमारे पाव जणींना. पण तिथे वापरला होता तो ‘व्हायटेक्स ॲग्नस-कास्टस’च्या फळांचा अर्क; आपली निर्गुडी ‘व्हायटेक्स निगुंडो’, आणि आपण काढा करतो तो पाल्याचा. चुलत बहिणीच्या गुणपत्रिकेवर स्वतःचे नाव घालून नोकरी मागण्यासारखे हे झाले. निर्गुडीची पोटली तू गुडघ्याला जरूर बांध. अशोकाचेही तेच: शाळांच्या कुंपणाला उंच, सरळ वाढलेला आणि पाने खाली सोडलेला जो ‘अशोक’ दिसतो तो आसोपालव असतो, औषधातला अशोक पसरणारा, केशरी-तांबड्या फुलांच्या गुच्छांचा. त्याच्या सालीत आसोपालवाची साल मिसळून विकतात, तेव्हा पोते उघडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

आणि वनस्पती अस्सल असली तरी दिखाऊ गोळीनेही बरे वाटते, हे विसरू नकोस. १९९८ साली अमेरिकेत पाळीपूर्वीच्या त्रासावर रोज १२०० मि.ग्रॅ. कॅल्शियम देऊन पाहिले. तिसऱ्या पाळीपर्यंत त्रास ४८ टक्क्यांनी उतरला, पण दिखाऊ गोळी घेणाऱ्यांचाही ३० टक्क्यांनी उतरला होता. हा फरक दिसला, कारण त्या स्त्रियांनी रोज नोंद केली. तोंडी विचारले असते तर दोन्हीकडच्या जणी ‘बरं वाटतंय’ एवढेच म्हणाल्या असत्या.

यात मीही फसले आहे. माझी पाळी जायला आली तेव्हा मी ४७ वर्षांची होते. ऑक्टोबरात शतावरी सुरू केली, जानेवारीत वाफा जवळजवळ थांबल्या, आणि पुढची कित्येक वर्षे मी माझेच उदाहरण प्रत्येकीला देत राहिले. मार्चमध्ये शतावरी चालू असतानाच वाफा परत आल्या होत्या, ते मात्र मी सोयीस्करपणे विसरले. जानेवारीत वाईला थंडी असते, एवढेच घडले होते.

दुसरी गोष्ट मी फार कोणाला सांगितलेली नाही. १९९४ साली एक बाई हसत आत आली आणि म्हणाली, ‘बाई, मला परत पाळी यायला लागली.’ तिला वाटले, तारुण्य परतले. मला वाटले, वातप्रकोप. मी तिला पाच महिने अशोकारिष्ट आणि लोध्राचे चूर्ण दिले. दोनदा थांबले, दोनदा पुन्हा सुरू झाले. शेवटची पाळी कधी आली होती, हे मी विचारलेच नाही. विचारले असते तर मधे तीन वर्षे कोरडी गेल्याचे कळले असते. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होता. त्या वेळी आमच्या गावात सोनोग्राफीचे यंत्र नव्हते, जिल्ह्याच्या गावी जायला तिच्या घरचे तयार झाले नसते, आणि इतर कोणीही तेच औषध दिले असते, असे मी स्वतःला पुष्कळदा समजावले आहे. यातला शब्दन् शब्द खरा आहे. पण तारीख विचारायला यंत्र लागत नव्हते.

मी वैद्य आहे आणि वैद्यच राहणार. शतावरीला नावे ठेवण्यासाठी हे लिहीत नाही. वाफांचा त्रास असह्य असलेल्या बाईला संप्रेरकांच्या उपचारासाठी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवताना मला कमीपणाही वाटत नाही, आणि पाळीच्या आधी जीव द्यावासा वाटतो असे कोणी म्हणाली तर तिच्याबाबतीत मी दोन महिन्यांच्या नोंदींसाठी थांबत नाही, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे धाडते.

तेव्हा उद्या सकाळी पहिले काम म्हणून त्या सासूला बोलावून घे. पाळी जाऊन वर्ष उलटल्यानंतर अंगावरून गेले असेल, एकदाच आणि थेंबभर का असेना, तर ती पाळी नव्हे. अशा शंभर जणींत साधारण नऊ जणींना कर्करोग निघतो. बाकीच्या एक्क्याण्णव जणींत ती असावी अशी माझी प्रार्थना आहे, पण सोनोग्राफी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ याच आठवड्यात. शतावरीचा डबा बंद करायला सांग आणि ‘मी घाई केली’ असे स्पष्ट म्हण. त्याने तुझा दवाखाना बंद पडणार नाही. सुनेला कालनिर्णय आणि पेन्सिल दे. तोवर कॅल्शियमसाठी तिला रोज नाचणीची भाकरी आणि दूध सुरू कर, तेवढ्याला तारखा लागत नाहीत.

सासूची शेवटची पाळी कोणत्या महिन्यात होती, ते समजताच कळव. फोनवर सांगू नकोस, लिहून पाठव.

तुझी,
बाई