समुद्र न पाहिलेल्या मुलीला

प्रश्न : ताई, मी दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात राहते. बारावी सायन्सला आहे. अमेरिकेत विद्यापीठात नर्सिंग शिकता शिकताच नौदलाचं अधिकारी-प्रशिक्षण मिळतं, असं वाचलं. आपल्याकडे तसं आहे का? बाबा कास्तकार आहेत. ते म्हणतात, नर्स म्हणजे लोकांची घाण काढायची, अन् फौजेत पोरींचं काय काम? मला पोहताही येत नाही. समुद्र तर पाहिलेलाच नाही.
— एक विद्यार्थिनी, जि. यवतमाळ

उत्तर : पोरी, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. बडनेऱ्याहून रेल्वेत बसून मुंबईला उतरले, त्या दिवसापर्यंत मीही समुद्र पाहिला नव्हता. आमच्या गावच्या नाल्याला पूर आला की तेवढंच पाणी माहीत. पुढे माझी सगळी नोकरी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये झाली आणि मेजर म्हणून मी निवृत्त झाले.

तू वाचलंस ते खरं आहे. त्या योजनेला तिकडे एन.आर.ओ.टी.सी. म्हणतात. मुलं-मुली नर्सिंगच्या पदवीचे वर्ग करतात, सोबत नौदलाचे विषय शिकतात, गणवेशात कवायत करतात. पोहण्याची चाचणीही द्यावी लागते. पदवी मिळाली की एन्साइन या हुद्द्यावर त्यांच्या नौदलाच्या नर्स कोअरमध्ये घेतात आणि मग ठरलेली वर्षं सेवा करावीच लागते. पण ते फक्त तिथल्या नागरिकांसाठी आहे, तो नाद सोड.

आपल्याकडे नौदलाची वेगळी नर्सिंग शाखा नाही. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस ही एकच सेवा भूदल, नौदल, हवाईदल तिघांची रुग्णालयं सांभाळते. म्हणून ‘नेव्ही नर्सिंग’ शोधत बसलीस तर हाती काही लागणार नाही. चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग पुणे, मुंबई, दिल्ली, लखनौ, कोलकाता आणि बंगळुरूच्या सैनिकी महाविद्यालयांत होतं, मुलींच्या सगळ्या मिळून 220 जागा. राहणं-जेवण सरकारचं, वर विद्यावेतन. शिक्षण संपलं की लेफ्टनंट, खांद्यावर दोन तारे. सेवेचा करार आधीच लिहून द्यावा लागतो, बाबांना तो नीट वाचून दाखव.

मुंबईचं ते महाविद्यालय कुलाब्याच्या ‘अश्विनी’ या नौदलाच्या रुग्णालयात आहे. मी तिथेच शिकले. तेव्हा पदवी नव्हती, डिप्लोमा होता. रुग्णालय जमिनीवर उभं आहे, पण पूर्ण नाव ‘इंडियन नेव्हल हॉस्पिटल शिप अश्विनी’, म्हणजे नावात ‘शिप’ आहे, अन् बोलणंही जहाजावरचंच. फरशीला डेक म्हणतात, स्वयंपाकघराला गॅली. पहिला आठवडा मी गोंधळून गेले होते.

आता बाबांचं म्हणणं. घाण काढावी लागते, हे खरंच आहे. बेडपॅन मी दिलंय, उलटी पुसलीय, आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही. एकदा हात भाजलेला एक नौसैनिक आला होता, तुझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा असेल. त्याची जाळीची पट्टी जखमेला चिकटली होती. सलाइनचे थेंब सोडत, कडेकडेनं भिजवत, पट्टी स्वतःहून सुटेपर्यंत थांबायचं होतं. ओढली असती तर नवी आलेली कातडीही निघाली असती. पाऊण तास लागला. सिस्टर माझ्या बोटांकडे पाहत होत्या. त्यांनी विचारलं, हे कुठे शिकलीस? मी म्हटलं, वावरात. बोंडातला कापूस पातीचा कचरा न लागू देता काढायचा असतो, ते मायनं शिकवलं होतं. तुलाही येत असेलच.

बाबांना हेही सांग की, त्या वॉर्डात कोण आधी, कोण नंतर, कोणाला डॉक्टर लागलीच हवा, हे रात्री दोन वाजता त्यांची लेक ठरवेल आणि हाताखालची माणसं ते ऐकतील. फौजेत पोरींचं काम हे आहे. पोहण्याची काळजी सोड, आपल्याकडच्या निवडीत ती परीक्षा नाही.

बारावी पहिल्याच प्रयत्नात, नियमित विद्यार्थिनी म्हणून, फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी घेऊन किमान 50 टक्क्यांनी पास व्हावी लागते. ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा द्यावी लागते. पण नुसती ‘नीट’ देऊन भागत नाही, सैन्यभरतीच्या संकेतस्थळावर वेगळा अर्ज भरावा लागतो. आपल्याकडच्या हुशार पोरी इथेच चुकतात, कारण त्यांना हे कोणी सांगतच नाही. पुढे संगणकावर बुद्धिमत्ता आणि इंग्रजीची परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत, वैद्यकीय तपासणी. इंग्रजीला घाबरू नकोस, पण रोज एक पान मोठ्यानं वाच, गुरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

यंदा नाहीच जमलं, तर जवळच्या कॉलेजातून बी.एस्सी. नर्सिंग कर आणि नर्सिंग कौन्सिलकडे नर्स म्हणून नोंदणी करून घे. पदवीधर नर्सेससाठी शॉर्ट सर्व्हिस कमिशनची, म्हणजे ठरावीक वर्षांपुरत्या अधिकारीपदाची, भरती निघते, वयाची अट 21 ते 35. माझ्यासोबतच्या कितीतरी जणी उशिरा आल्या आणि माझ्यापेक्षा चांगल्या अधिकारी झाल्या.

आज एक काम कर. दहावीच्या सनदेवरचं आणि आधारवरचं तुझं नाव, बापाचं नाव, अक्षर न् अक्षर जुळवून बघ. माझ्या दाखल्यात एक वेलांटी चुकली होती. ती दुरुस्त करायला माझ्या बाबांना ऐन वेचणीत एस.टी.नं यवतमाळच्या तीन चकरा माराव्या लागल्या.