मॅप रिकामा वाटतोय म्हणून क्वेस्ट वाढवू नका (माझे चौदा महिने गेलेत)

पोस्ट वाचून हसू आलं, रागावू नका, स्वतःवरच आलं. तुमच्या गेमचा 25 चौरस किमीचा मॅप, चार गावं, एक धरण, खेळून बघणारे मित्र म्हणतात बोअर होतंय, तर अजून साठ साइड क्वेस्ट (मुख्य गोष्टीबाहेरच्या छोट्या कामगिऱ्या) टाकू का, असं विचारलंय तुम्ही. टाकू नका. मी अक्षरशः हेच केलं होतं.

टेरेन, लोडिंग वगैरे तुम्हाला येतंच, त्यात पडत नाही. आणि मी काही स्टुडिओवाला नाही हां, दिवसा नाशिकच्या अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे, गेमचं काम रात्री, त्यामुळे पटेल तेवढं घ्या.

माझा मूळ मॅप जेमतेम 1 चौरस किमीचा, जुनं नाशिक, घाट आणि पलीकडची पंचवटी, बस्स. मग स्टार्टअपला अनुदान देणाऱ्या एका ऑफिसात गेलो (नाव घेत नाही, एक कागद अजून तिथेच अडकलाय). फॉर्मवर रकाने काय, तर 'मॅपचे क्षेत्रफळ' आणि 'एकूण खेळाचे तास'. साहेब म्हणाले, एवढासाच? मोठं दाखवा की काहीतरी. आणि मी येड्यासारखा घरी येऊन मॅप पार धरणापर्यंत ताणला, चारपट लांब, चारपट रुंद, म्हणजे सोळापट जागा, आणि त्या मोकळ्या रानात चौदा महिने पेट्या, डाकू आणि प्रश्नचिन्हं पेरत बसलो. अनुदान? तीन चकरा, दर वेळी टेबलावर नवा माणूस, तिसऱ्याने तर विचारलं, हे मोबाईलवर फुकट मिळतं का. जाऊ दे, बीपी वाढतं.

दिवाळीत भाचा आला, त्याला बसवलं खेळायला. पोराची नजर वीस मिनिटं स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या मिनिमॅपवर, म्हणजे छोट्या नकाशावर. मी जीव ओतून केलेला वाडा, खिडकीतली समई, ढुंकून बघितलं नाही. पेटी उघडायची, पुढच्या चिन्हाकडे पळायचं. मग म्हणाला, "मामा, अजून किती राहिल्यात?" जेवल्यावर मिनिमॅप बंद करून परत दिला, तर पाचच मिनिटांत थांबला, "तो डोंगरावर दिवा कसला?" दिवा टेस्टिंगसाठी लावलेला, काढायचा राहिला होता! गडी दहा मिनिटं चढून गेला, वर काहीच नव्हतं, मला शिव्या घातल्या, पण गेला ना स्वतःहून.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. 2017 च्या ब्रेथ ऑफ द वाइल्ड या निन्टेन्डोच्या गेमची जमीनच त्रिकोणांवर रचलीय. मोठा त्रिकोण म्हणजे लांबून खुणावणारा डोंगर, मधला म्हणजे मागचं काहीतरी झाकणारी टेकडी, आणि चढून जायचं की वळसा घालायचा हे तुम्ही ठरवायचं, वाटेत झाकलेलं एकदम पुढ्यात येतं. आपल्याकडे सराफ बाजारातून खाली घाटाकडे उतरा, गल्ली वळत राहते, नदी दिसतच नाही आणि मग एकदम सगळा घाट समोर. हे फुकटात मिळालेलं डिझाइन मी धरणाच्या नादात सपाट केलं. 2004 चा जीटीए सॅन अँड्रियास हा गेम घ्या, आजच्या मानाने मॅप लहान, पण धुकं आणि वळणावळणाचे रस्ते यामुळे एका शहरातून दुसरं दिसत नाही, म्हणून लांब गेल्यासारखं वाटतं.

अजून एक, माझं मत आहे, भांडू नका. गेममधल्या जगाची अवस्था स्क्रीनवरच्या पट्टीत नको, त्या जगातच दिसू द्या. पूर आला की आपण आकडा विचारतो का? गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की छातीला, एवढं कळलं की अख्ख्या नाशिकला कळतं. माझ्या गेममध्ये तोच मारुती आता पाणीपट्टी आहे (महापालिकेची नाही), आणि पाणी वाढलं की खालच्या वाटा बंद. साठ क्वेस्टपेक्षा या एका मूर्तीने जास्त काम केलं.

जाता जाता, आधी सगळं टू-डीत चौकोन टाकून खेळून बघा, निन्टेन्डोनेही ब्रेथ ऑफ द वाइल्ड आधी टू-डीत करून पाहिला होता. आणि बॅकअप पेनड्राइव्हवर ठेवू नका, त्याची वेगळीच रडकथा आहे.

मॅपचे फोटो टाका इथे, पण वरून काढलेले नकोत. खेळाडू उभा असतो तिथून, डोळ्याच्या उंचीवरून, चारही दिशांचे.