व्हॉलीबॉलमध्ये बॅकला, म्हणजे मागच्या रांगेत, खेळताना स्मॅश हाताला लागून मागे उडतो. डिग (स्मॅश खालून हातांवर उचलणं) सुधारण्यासाठी काय करावं?

तुम्ही लिहिलंय की सर्व्हिस नीट उचलता येते, पण समोरून जोरात स्मॅश आला की बॉल हाताला लागून डोक्यावरून मागे जातो, आणि कोच म्हणतात की रिफ्लेक्स वाढव. मी बरीच वर्षं बॅकलाच खेळलो आणि आता पोरांना शिकवतो, त्या अनुभवावरून सांगतो: तुमचं दुखणं रिफ्लेक्सचं वाटत नाही.

जरा हिशोब करून बघा. ताशी १०० किलोमीटर वेगाचा स्मॅश ८ मीटर अंतर साधारण ०.३ सेकंदात कापतो. डोळ्यांनी पाहून शरीर हलायला सुरुवात व्हायलाच ०.२ सेकंद जातात. उरलेल्या वेळात फार तर हात इकडचे तिकडे होतील, पाय नाहीत. म्हणजे बॉल मारला गेल्यावर धावून जाऊन डिग करणं ही गोष्ट जोरदार स्मॅशच्या बाबतीत जवळजवळ नसतेच. चांगला डिफेंडर चपळ दिसतो, कारण तो आधीच तिथे पोचून थांबलेला असतो.

आता बॉल मागे का जातो ते. बॉल तुमच्याकडे बराचसा आडवा, थोडा खाली येतो. त्या वेळी तुमचे हात जमिनीला समांतर असतील तर बॉल वर उडतो, पण त्याचा पुढे जायचा वेग तसाच राहतो आणि तो तुमच्या मागे जातो. यात जोर कमी-जास्त करून काही होत नाही, कोन बदलावा लागतो. बॉल जितका आडवा आणि जोरात, तितके हात जास्त खाली झुकलेले हवेत, म्हणजे मनगटापासून कोपरापर्यंतचा सपाट भाग नेटकडे बघेल. लोंबता, उंचावरून येणारा बॉल असेल तर हात सपाट चालतात. सर्व्हिसला तुमचं जमतं ते बहुधा यामुळेच. तिथला कोन तुम्ही स्मॅशलाही वापरताय. त्यात हात वर झटकायची सवय असेल तर सुरुवातीला बरोबर असलेला कोनही बॉल लागेपर्यंत सपाट होऊन जातो. झटकू नका. बॉलमध्ये जोर भरपूर असतो, तो फक्त जिरवायचा असतो. कोपर सरळ, खांदे सैल, आणि बॉल लागताना हात किंचित मागे आले तरी चालतील.

बाजूला आलेल्या बॉलला हेच तत्त्व. बॉल उजवीकडे आला तर डावा खांदा खाली घाला, म्हणजे हातांचा सपाट भाग कोर्टाच्या आत वळतो. हे न केल्यामुळे कितीतरी बॉल प्रेक्षकांत जातात.

आणि नेम सेटरच्या (मारणाऱ्यासाठी बॉल वर ठेवून देणाऱ्याच्या) हातावर धरू नका. जोरदार स्मॅशवर तो हट्ट महागात पडतो, बॉल नेटवरून पलीकडे जातो आणि समोरच्याला फुकटची संधी मिळते. ३ मीटरच्या रेषेच्या आसपास, कोर्टाच्या मध्यावर, अँटेनाच्या (नेटच्या कडेला उभ्या काठीच्या) टोकाच्याही वर जाईल असा उंच ठेवा. सेटरला धावायला वेळ मिळाला की तो खूश असतो.

आता खरी मेहनत जिथे आहे तिकडे येतो: डोळे. बहुतेक जण सुरुवातीपासून शेवटपर्यंत बॉलवर नजर लावून बसतात. बॉल सेटरच्या हातातून सुटून वर जातो तेव्हा काही सांगत नाही, त्या वेळी मारणारा सांगत असतो. मी नजरेचा क्रम असा ठेवतो. आधी समोरच्या टीमचा पास, म्हणजे त्यांनी पहिल्यांदा उचललेला बॉल, बघतो: नेटपासून लांब गेला का? गेला असेल तर मधून झटपट मारण्याची शक्यता बरीच कमी होते, उंच बॉल टोकाला जाणार. मग सेटरचे हात. सेट सुटला की त्याच्याकडे एक नजर टाकायची, उंची आणि नेटपासूनचं अंतर कळेल इतकीच, आणि लगेच नजर मारणाऱ्यावर. सेट नेटपासून लांब असेल तर त्याला खाली ठोकता येत नाही, बॉल खोल येणार, एक पाऊल मागे. तो धावत कोणत्या दिशेने आला? खांदा कुठे वळला? बॉल त्याच्या पुढे आहे की डोक्याच्या मागे पडला? मागे पडला असेल तर जोर जातो, मग तो बहुतेक वेळा उचलून टाकेल किंवा बोटांनी ड्रॉप करेल, म्हणजे हळूच नेटपलीकडे टाकेल. हात वर जाताना मध्येच मंदावला, की ड्रॉप.

ब्लॉकचाही, म्हणजे नेटपाशी उडी मारून स्मॅश अडवणाऱ्या आपल्या खेळाडूंचाही, वापर करा. उभे आहात तिथून मारणाऱ्याचा हात दिसत नसेल, तर तिथे सरळ जोरदार स्मॅशही येऊ शकत नाही, कारण मध्ये ब्लॉक आहे. मग तिथे उभं राहून काय करणार? हात दिसेपर्यंत बाजूला सरका. हे एक कळलं की निम्मा डिफेन्स आपोआप जागेवर येतो.

मारणाऱ्याचा हात बॉलला लागायच्या क्षणी मात्र तुम्ही थांबलेले हवेत. इथेच सगळे चुकतात. एक-दोन पावलं आणखी घेऊन बरोबर जागी पोचण्यापेक्षा अर्धं पाऊल चुकीच्या जागी, पण स्थिर उभं असणं मी पसंत करतो. पाय खांद्यापेक्षा थोडे रुंद, टाचांवर भार नाही, गुडघे पुढे, हात गुडघ्यांच्या पुढे सुटे. जोडून ठेवू नका. जोडलेल्या हातांनी ना पळता येतं, ना तोंडासमोर आलेला बॉल घेता येतो. मारणारा हात फिरवतो त्याच वेळी एक अगदी छोटी उडी, जेमतेम जमीन सुटेल इतकी, म्हणजे बॉल निघताना दोन्ही पाय टेकलेले आणि कुठल्याही बाजूला सुटायला तयार असतात.

छातीच्या वर आलेल्या बॉलला खाली वाकून हात घालायला जाऊ नका. दोन्ही हात वर उघडे ठेवून अडवा. पहिल्या स्पर्शात, एकाच हालचालीत बॉल दोनदा लागला तरी नियमाने चालतं. फक्त पकडून फेकल्यासारखा वाटता कामा नये. ब्लॉकचा स्पर्श टीमच्या तीन स्पर्शांमध्ये मोजत नाहीत, हे विसरून घाईत बॉल पलीकडे ढकलणारेही मी पाहिलेत.

सरावाबद्दल. कोच टेबलावर उभे राहून तुमच्यावर बॉल मारतात ना, त्याने हातांचा कोन बसतो, पण हल्ला वाचायला शिकता येत नाही, कारण तिथे पास नाही, सेट नाही, धाव नाही. त्यामुळे मी एक कंटाळवाणा पण उपयोगी प्रकार करायला लावतो: डिफेंडर बॉल उचलतच नाही. खरी टीम हल्ला करते, आणि तो बॅकला उभा राहून बॉल मारायच्या आधी मोठ्याने ‘लाइन’ (बाजूच्या रेषेलगत सरळ), ‘क्रॉस’ (तिरका) किंवा ‘ड्रॉप’ ओरडतो. सुरुवातीला हसू येतं इतकं चुकतं. हळूहळू नजर कुठे न्यायची ते कळू लागतं. मॅच बघतानाही टीव्हीवर बॉल न बघता लिबरोकडे (वेगळ्या रंगाच्या जर्सीतल्या, फक्त मागे बचाव करणाऱ्या खेळाडूकडे) बघा. १९९८ पासून आंतरराष्ट्रीय खेळात लिबरो आहे, आणि त्याचे पाय बॉल मारला जाण्याआधी काय करतात एवढंच बघितलं तरी खूप मिळतं.

डाईव्ह शेवटी शिका. टाळ्या त्यालाच पडतात, पण फार डाईव्ह माराव्या लागत असतील तर सुरुवात उशिरा होतेय एवढंच समजा. आधी खाली बसून पुढे सरकत पडायला शिका, गुडघ्याला नी-पॅड घाला, मग लांबच्या बॉलखाली तळहात जमिनीवर सरकवायचा पॅनकेक.

एक काम मॅचच्या आधी करून घ्या: पुढच्या ब्लॉकरला विचारा, लाइन अडवणार की क्रॉस? समोरच्यांच्या डाव्या टोकाकडून हल्ला असेल आणि तो लाइन घेत असेल, तर १ नंबरचा (मागचा उजवा) खेळाडू ड्रॉपसाठी दोन पावलं पुढे येऊ शकतो आणि ५ नंबरचा (मागचा डावा) क्रॉसवर बसतो. हे न ठरवता उतरलात तर दोघेही एकाच जागी धावता आणि मध्ये बॉल पडतो.